सावित्रीवरचा महाडचा पूल : काल, आज आणि पुढची शंभर वर्षे

मुंबईहून महाड, पोलादपूर, खेड, चिपळूणकडे जाणाऱ्या आपल्या माणसांना सावित्री नदीवरचा पूल वेगळा सांगावा लागत नाही. ईदला गावी जाताना, लग्नाला जाताना, सौदी-कुवेतहून आलेल्या भावाला विमानतळावरून घरी आणताना आपण सगळे याच पुलावरून गेलेलो आहोत. बहुतेक वेळा रात्री, अर्धवट झोपेत. गाडी पुलावर चढली आणि उतरली, एवढंच कळतं. खाली नदी काय करते आहे, हे कोण बघतं?

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री ते बघायची वेळ आली. आता नवा पूल आहे, रुंद आहे, दिवे आहेत. नवीन पिढीतल्या मुलांना तर जुना पूल आठवतही नाही. शाळेत आम्ही हा विषय काढला तेव्हा वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, पूल असा एका रात्रीत कसा पडतो?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला आम्हाला दोन तास लागले. तेच उत्तर इथे सविस्तर मांडत आहोत, कारण हा प्रश्न मुलांपेक्षा मोठ्यांनी विचारायचा आहे.

नदी समजून घेतल्याशिवाय पूल समजत नाही

सावित्रीचा उगम महाबळेश्वरला. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या तिथे उगम पावतात असं आपण भूगोलात शिकतो. कृष्णा पूर्वेकडे निघते आणि शेकडो किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेकडे उतरते. पोलादपूर, महाड, पुढे दासगाव, आंबेत-म्हाप्रळ करत बाणकोटच्या खाडीतून, हरिहरेश्वरजवळ ती अरबी समुद्राला मिळते. हा सगळा प्रवास शंभराच्या आसपास किलोमीटरचा.

म्हणजे बघा, साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवरून निघालेलं पाणी एवढ्या थोड्या अंतरात समुद्रपातळीला येतं. त्यात महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात. डोंगरावर रात्रभर कोसळला की काही तासांत सावित्रीचं रूप पालटतं. उन्हाळ्यात जिथे पोरं गुडघाभर पाण्यात मासे पकडतात, तिथेच जुलैमध्ये झाडंच्या झाडं वाहून येतात.

दुसरी गोष्ट भरतीची. समुद्राच्या भरतीचा जोर खाडीमार्गे महाडच्या बाजूपर्यंत जाणवतो. पूर्वी महाड हे व्यापाराचं बंदर होतं ते यामुळेच. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागा उरत नाही. महाडकर हे पिढ्यान् पिढ्या सोसत आले आहेत. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी 6.5 मीटर मानली जाते आणि पावसाळ्यात हा आकडा तिथल्या दुकानदारांना घड्याळासारखा पाठ असतो.

1928 चा दगडी पूल

महाड आणि पोलादपूर यांच्यामध्ये, राजेवाडीजवळ, इंग्रजांच्या काळात सावित्रीवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला. साल होतं 1928. त्याच्या आदल्याच वर्षी महाडमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, यावरून काळ लक्षात यावा. रस्त्यावर तेव्हा बैलगाड्या, टांगे आणि मोजक्याच मोटारी असत.

पुढे हाच रस्ता मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग झाला. आधी त्याला 17 क्रमांक होता, आता 66 आहे. बैलगाडीच्या जागी एस.टी. आली, मग ट्रक, मग महाडच्या एमआयडीसीतले टँकर आणि कंटेनर. पूल तोच. 2001 च्या सुमारास शेजारी दुसरा पूल बांधला गेला आणि वाहतूक विभागली. नव्या पुलावरून गोव्याकडे जायचं आणि जुन्या पुलावरून मुंबईकडे यायचं, अशी सोय झाली. म्हणून त्या रात्री जे बुडाले ते सगळे मुंबईकडे निघालेले प्रवासी होते.

ती रात्र

रात्री साडेअकराच्या सुमारास जुन्या पुलाचे काही गाळे कोसळले. वर महामूर पाऊस, खाली पूर आणि सगळीकडे काळोख. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एस.टी.च्या दोन गाड्या आणि एक तवेरा गाडी नदीत गेली. चालकांना समोर रस्ता नाही हे दिसायलाही संधी मिळाली नसेल. सुमारे चाळीस जणांचा जीव गेला. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या हा प्रकार लक्षात आला, त्याने धावपळ करून येणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि पोलिसांना कळवलं. तो जागा नसता तर आकडा कुठे गेला असता, याचा विचारही करवत नाही.

आमच्या मोहल्ल्यात त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी फोन थांबत नव्हते. जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईच्या वाटेवर असतंच. एका खालांचा मुलगा रातराणीने निघाला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. सकाळी आठला त्याचा आवाज ऐकू आला, त्याची गाडी मागेच अडवून ठेवली होती. खाला फोन हातात घेऊन ओट्यावरच बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ज्यांचे फोन पुन्हा कधीच लागले नाहीत, त्या घरांमध्ये काय झालं असेल, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल सगळे आले. पुराचा जोर इतका की पाणबुड्यांना टिकता येईना. नदीत मगरी आहेत, ती भीती वेगळीच. क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला गेला. गाड्यांचे सांगाडे सापडायला आठवडा उलटून गेला. काही मृतदेह खाडीतून समुद्रात जाऊन थेट आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागले. काही जण तर सापडलेच नाहीत. घरच्यांना कबर नाही, चिता नाही.

दगडी पूल पडतो कसा?

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. कमानीचा पूल ही मोठी अक्कलहुशारीची रचना आहे. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटत असतो, त्यामुळे वरचं वजन जितकं पडतं तितके दगड एकमेकांत घट्ट बसतात. म्हणूनच दगडी पूल शंभर-दोनशे वर्षंसुद्धा टिकतात. वजनामुळे ते सहसा पडत नाहीत.

पण या रचनेत एक अट आहे. कमानीचा रेटा दोन्ही बाजूंच्या खांबांवर येतो. मधल्या खांबाला डावीकडची कमान उजवीकडे ढकलते आणि उजवीकडची कमान डावीकडे. दोन्ही रेटे सारखे असतात म्हणून खांब सरळ उभा राहतो. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसली की दोघेही आरामात असतात, तसं. त्यातला एक अचानक उठला तर दुसरा उताणा पडतो. पुलाचंही तेच होतं. एक खांब हलला, एक कमान गेली, की शेजारच्या खांबाचा तोल जातो आणि पाठोपाठ दुसरी कमान जाते.

मग खांब हलतो कशाने? समुद्रकिनारी उभं राहून आपण सगळ्यांनी एक गोष्ट अनुभवली आहे. लाट मागे जाते तेव्हा टाचेखालची वाळू सरकते आणि आपण थोडे खाली जातो. वाहतं पाणी अडथळ्याला धडकलं की खाली वळतं, भोवरा करतं आणि अडथळ्याच्या पायथ्याची माती-वाळू खरवडून नेतं. पुलाचा खांब हा नदीतला असाच अडथळा. दर पुरात त्याच्या पायाशी खड्डा पडत असतो. अशा जुन्या पुलांच्या बाबतीत पहिला संशय पायावरच जातो तो यामुळे. नदीतून बेसुमार वाळू उपसली तर तळ आणखी खोल जातो आणि खांबाचा पाया उघडा पडतो. दुर्घटनेनंतर वाळू उपशाची चर्चा झाली ती म्हणूनच.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट आता ऐका. खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर भरात असताना. पाणी ओसरू लागलं की वरून आलेला गाळ आणि वाळू त्याच खड्ड्यात येऊन बसते. उन्हाळ्यात तुम्ही नदीत उतरलात तर तळ सपाट दिसेल. पण ती भर पोकळ असते, पुढच्या पुरात पहिल्या तासातच निघून जाते. म्हणजे पूल धोक्यात असतो तेव्हा बघता येत नाही, आणि बघता येतं तेव्हा सगळं ठीक दिसतं.

दुर्घटनेनंतर सरकारकडून सांगण्यात आलं की त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता. पाहणी झालीच नाही, असं आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात कठड्यावरून वाकून पुलाकडे बघणं आणि पाण्याखालच्या पायाची तपासणी करणं, या दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. दोन्ही "पाहणी"च. पण एका पाहणीत नदीच्या वरचा पूल दिसतो, आणि तो पडतो नदीच्या खालून.

165 दिवसांचा नवा पूल

नव्या पुलाचं काम मात्र खरोखर झपाट्याने झालं, त्याचं कौतुक केलंच पाहिजे. 180 दिवसांची मुदत होती, काम 165 दिवसांत पुरं झालं. 5 जून 2017 रोजी, म्हणजे पुढचा पावसाळा लागायच्या आत, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते पूल खुला झाला. लांबी 239 मीटर, रुंदी 16 मीटर, तीन मार्गिका आणि पायी जाणाऱ्यांसाठी पदपथ. खर्च सुमारे 35.77 कोटी रुपये.

याच महामार्गावर साडेपाच महिन्यांत पूल, अशी गणितं कुणी बघितली नव्हती. चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चालू आहे आणि किती गणपती, किती ईद आपण खड्ड्यांतून काढल्या ते वाचकांना सांगायला नको. इच्छा असली की काम होतं, हे सावित्रीच्या पुलाने दाखवून दिलं. पण त्यासाठी चाळीस माणसं का जावी लागली, हा प्रश्न तिथेच राहतो.

फक्त सावित्री नाही

दक्षिणेकडे जाताना एकेक नदी मोजा. खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. सगळ्या सह्याद्रीतून उतरणाऱ्या, सगळ्या कमी लांबीच्या आणि सगळ्या पावसाळ्यात बेफाम. 19 मार्च 2013 ला खेडजवळ जगबुडीच्या जुन्या, अरुंद पुलावरून खासगी बस खाली गेली आणि 37 जण दगावले. तिथे पूल पडला नव्हता, पण पुलाची रुंदी आणि वाढलेली वाहतूक यांचा मेळ उरला नव्हता.

22 जुलै 2021 चा महापूर महाड आणि चिपळूण दोन्ही शहरं विसरू शकत नाहीत. महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली ती त्याच वेळी. चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलाचा जोडरस्ता खचला आणि महामार्ग बंद पडला. मदत घेऊन निघालेल्या तरुणांच्या गाड्या अडकल्या. तेव्हा लक्षात आलं की पूर आला की पूल हा नुसता रस्ता राहत नाही. औषध, पाणी, डॉक्टर, सगळं त्याच्यावरून येतं. तो तुटला तर शहर बेट होतं.

नवं बांधकाम म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही समजू नका. 16 ऑक्टोबर 2023 रोजी चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. 9 जुलै 2025 रोजी गुजरातमध्ये महीसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला आणि वीसच्या आसपास माणसं गेली. तो पूल 1985 चा होता, जेमतेम चाळीस वर्षांचा. सावित्रीचा दगडी पूल अठ्ठ्याऐंशी वर्षं उभा राहिला. वय हे एकच माप नाही, देखभाल हे खरं माप आहे.

खाली खाडीकडे गेलात तर हेच चित्र दिसतं. रायगड आणि रत्नागिरीला जोडणारा आंबेत-म्हाप्रळचा पूल बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. अंतुलेसाहेब आंबेतचेच. म्हाप्रळ, मंडणगड, दापोलीच्या आपल्या कितीतरी घरांचा मुंबईचा रस्ता त्या पुलाने जवळ आला. अलीकडच्या वर्षांत तोच पूल दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला आणि लोकांना पुन्हा जंगरने नदी ओलांडावी लागली. आजोबांच्या काळात होडी, वडिलांच्या काळात पूल आणि आपल्या काळात परत जंगर. नदीच्या मुखाशी बागमांडला-बाणकोट पुलाचं कामही सुरू होऊन रखडलं आणि लोक फेरीबोटीवरच राहिले. आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गात तिथे नवा पूल योजला आहे. किनारपट्टीच्या या रस्त्याचं स्वप्नही अंतुलेसाहेबांच्याच काळातलं.

पुढे काय?

आजच्या नियमांप्रमाणे मोठे पूल शंभर वर्षांचं आयुष्य धरून आखले जातात. म्हणजे सावित्रीचा नवा पूल 2117 पर्यंत टिकला पाहिजे. आपली नातवंडं-पतवंडं त्यावरून जातील, इन्शाअल्लाह. पण काँक्रीटचा शत्रू वेगळा असतो. खाडीची खारट हवा आणि मुरणारं पाणी आतल्या सळयांपर्यंत पोचलं की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. पुलावरची पाणी जायची भोकं तुंबली, सांधे खराब झाले, की ही सुरुवात होते. यावरचा इलाज स्वस्त असतो, फक्त दरवर्षी करावा लागतो. त्याचं उद्घाटन होत नाही, फोटो येत नाही, म्हणून तो राहून जातो.

वाहतूकही वाढणारच आहे. कशेडीच्या बोगद्यांमुळे घाटाचा वेळ वाचतो, महामार्ग पूर्ण झाला की गाड्या आणखी वाढतील, वेगही वाढेल. पाऊसही पूर्वीसारखा महिनाभर सारखा पडत नाही, दोन दिवसांत सगळा कोसळतो. पूल बांधताना धरलेला पुराचा अंदाज पुढे अपुरा पडू शकतो.

सावित्रीच्या दुर्घटनेनंतर काही चांगले बदल झाले. राज्यातल्या ब्रिटिशकालीन पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी केंद्राने देशातल्या पुलांची नोंदवही करायला घेतली, प्रत्येक पुलाला आपल्या आधार कार्डासारखा स्वतंत्र क्रमांक दिला. जगबुडीची धोक्याची पातळी 7 मीटर आहे. ती ओलांडल्यावर जुन्या पुलावरची वाहतूक थांबवायची पद्धत पडली. दोन तास खोळंबलो म्हणून आपण तेव्हा चिडतो. चिडू नये. 2 ऑगस्टला कुणी असंच थांबवलं असतं तर ते प्रवासी घरी पोचले असते.

आपण काय करू शकतो

शिक्षक असल्यामुळे गृहपाठ दिल्याशिवाय आमचा लेख संपत नाही. चारच गोष्टी आहेत.

पहिली, आपल्या गावाजवळच्या पुलाकडे दिवसाउजेडी, खालून बघा. खांबाच्या पायथ्याचे दगड निघालेत का, पाया उघडा दिसतो का, सांध्यांत वड-पिंपळ उगवलाय का, कठड्याची ओळ वाकडी झालीय का, काँक्रीटमधून गंजलेली सळई दिसतेय का? मोबाईलवर फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा घ्या. दोन फोटोंतला फरक कुणालाही नाकारता येत नाही.

दुसरी, माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि दीडशे शब्दांत अर्ज, उत्तराची मुदत तीस दिवस. इंदापूरच्या पुढच्या महामार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे अर्ज करा. "पूल सुरक्षित आहे का?" असं विचारू नका, त्याला उत्तर "होय" असंच येणार. विचारा की पुलाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, पाण्याखालच्या पायाची तपासणी कधी झाली, आणि त्या अहवालाची प्रत द्या.

तिसरी, पुराच्या दिवसांत घाई सोडा. पुलावरून पाणी जात असेल किंवा पोलिसांनी अडवलं असेल तर "आपली गाडी उंच आहे" असं म्हणू नका. घरच्यांनीही फोन करून "कुठवर आलास, लवकर ये" असा तगादा लावू नये. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. महामार्गावर काही विपरीत दिसलं तर 1033 किंवा 112 वर लगेच कळवा.

चौथी, वाळू. आपल्या घरांच्या बांधकामाला वाळू लागते, ती कुठून येते हे आपण विचारत नाही. रात्री ट्रॅक्टर येतो, स्वस्तात पडतं, आपण खुश. ती वाळू कुठल्या तरी पुलाच्या पायाखालची असू शकते. हा मुद्दा लिहिताना आम्हालाही अवघडल्यासारखं होतंय, कारण आपल्यातलीच काही माणसं या धंद्यात आहेत. पण पुलावरून जाणारी माणसंही आपलीच आहेत.

वर्गातल्या त्या मुलाला आम्ही शेवटी सांगितलं की पूल एका रात्रीत पडत नाही. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा सैल होत असतो आणि कुणी तरी "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू" म्हणत असतं. रात्र फक्त त्याची तारीख ठरवते. मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सर, मग आपल्या गावच्या पुलाचं कोण बघतं?"

त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आता वर्गाने मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला आहे. सही आमची आहे, कारण मुलं लहान आहेत. दहा रुपये मात्र त्यांनी वर्गणी काढून जमवले.